आधी भांड्याचा धडा, मग माल

वजनकाट्यावर माल क्वचितच एकटा बसतो. पीठ डब्यात असतं, मध बरणीत, खिळे खोक्यात, धान्य पोत्यात. काटा बिचारा जे वर ठेवाल त्या सगळ्याचं वजन सांगतो. त्यातलं भांडं कोणतं आणि माल कोणता, हे त्याला कळत नाही. ते आपण सांगायचं. नव्याने वजन करायला लागलेल्या माणसाला हे इतकं उघड वाटतं की तो त्याकडे लक्षच देत नाही, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

तीन शब्द आधी पक्के करू. भांड्यासकट येतं ते एकूण वजन. रिकाम्या भांड्याचं ते भांड्याचं वजन, ज्याला इलेक्ट्रॉनिक काट्यांवर ‘टेअर’ म्हणतात. पोती-खोक्यांच्या व्यवहारात याच वजनाला बारदानाचं वजन म्हणतात. आणि एकूणातून भांडं गेल्यावर उरतं ते निव्वळ वजन. टेअर हा शब्द मुळात अरबी. ‘टाकून दिलेलं, वजा केलेलं’ अशा अर्थाच्या शब्दापासून तो युरोपातल्या व्यापाऱ्यांकडे गेला आणि तिथून बटणावर येऊन बसला. तागडीच्या काळातला आपला शब्द ‘धडा’. भांड्याचा धडा केला म्हणजे दुसऱ्या पारड्यात तेवढाच भार टाकून भांडं हिशेबातून काढून टाकलं.

वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येते. अवघड एवढंच, की जे भांडं वजा केलं तेच भांडं, त्याच अवस्थेत, भरताना काट्यावर होतं का? पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारायचा आहे.

काट्याकडे एकदा नीट बघा

काट्याच्या पाटीवर किंवा पोटाखाली दोन आकडे असतात: जास्तीत जास्त किती वजन चालतं आणि आकडा किती ग्रॅमच्या टप्प्याने बदलतो. व्यापारी काट्यांवर तिसराही आकडा असतो, किमान वजनाचा. त्याच्याखाली काटा आकडा दाखवतो खरा, पण त्यावर विसंबू नये.

आता एक गोष्ट जी बटण दाबताना कुणी सांगत नाही. टेअर केल्याने भांड्याचा भार नाहीसा होत नाही, फक्त आकड्यातून जातो. ५ किलोच्या काट्यावर १.८ किलोचं पातेलं ठेवून शून्य केलंत, तर वर ३.२ किलोच माल मावतो. त्यानंतर काटा ‘जास्त भार’ दाखवून गप्प बसतो आणि नवशिक्याला वाटतं की काटा बिघडला.

काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा. काट्यावर सपाटी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा असेल तर तो गोलाच्या मधोमध आणा. पंख्याचा वारा अंगावर नको. एवढं पुरे.

बटणाची पद्धत

१. काटा रिकामा असताना चालू करा आणि आकडा शून्यावर थांबू द्या. शून्याऐवजी २-३ ग्रॅम दिसत असतील तर आधी ते शून्य करा. ताटलीखाली काही अडकलं नाही ना, तेही बघून घ्या.

२. रिकामं, कोरडं भांडं ताटलीच्या मधोमध ठेवा. जे जे काट्यावर राहणार, पण मालाच्या वजनात धरायचं नाही, ते सगळं आत्ताच ठेवायचं: झाकण लावून वजन करणार असाल तर झाकण, आत कागद घालणार असाल तर कागद, ढवळायचा चमचा आतच राहणार असेल तर चमचासुद्धा.

३. भांड्याचा आकडा स्थिर झाला की तो वाचा आणि लिहून ठेवा. समजा २८६ ग्रॅम. हे पाऊल बहुतेक लोक गाळतात. गाळू नका, त्याचा उपयोग थोड्या वेळाने दिसेल.

४. हात बाजूला घ्या आणि मगच टेअर दाबा. भांड्याला हात टेकलेला असताना दाबलं तर हाताचा भारही वजा होतो आणि हात काढताच आकडा उणे होतो. काही काट्यांचं बटण कडक असतं, ते जोरात दाबलं की ताटली थरथरते. हलकेच दाबा आणि शून्य ठाम बसेपर्यंत थांबा.

५. माल भरा. आकडा म्हणजे आता निव्वळ वजन.

६. शेवटी भांडं मालासकट उचला. रिकाम्या काट्यावर उणे २८६ दिसलं पाहिजे.

ही सहावी पायरी फुकटची तपासणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. उणे २८६ आलं म्हणजे भरताना काटा सरकला नाही, बटणाच्या वेळी हात लागला नव्हता, काही चुकीचं वजा झालं नाही. उणे २७९ आलं तर मधल्या काळात ७ ग्रॅमची गडबड झाली आहे. तो आकडा विसरा आणि पुन्हा तोला. ‘उणे’ दिसलं की नवखा माणूस घाबरून काटा बंद करतो. खरं तर त्या उण्याच्या मागे भांड्याचं वजन लिहिलेलं असतं.

एकाच भांड्यात तीन-चार जिन्नस घालायचे असतील तर प्रत्येकानंतर टेअर दाबून पुन्हा शून्यापासून सुरू करता येतं. सोय मोठी, पण एखादा जिन्नस जास्त पडला आणि तुम्ही टेअर दाबून बसलात तर मागचा आकडा गेलाच. म्हणून आधी कागदावर लिहा, मग दाबा.

शून्य आणि टेअर

व्यापारी काट्यांवर ही दोन वेगळी बटणं असतात. शून्याचं बटण रिकाम्या ताटलीवरची धूळ, ओल, शून्याचं थोडंसं सरकणं यांच्यासाठी, टेअर भांड्यासाठी. वजनकाट्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत शून्याच्या बटणाला काट्याच्या क्षमतेच्या ४ टक्क्यांपर्यंतच पुसण्याची मुभा आहे. म्हणजे १० किलोच्या काट्यावर जास्तीत जास्त ४०० ग्रॅम. चालू होतानाच्या शून्याला मात्र २० टक्क्यांपर्यंत सूट आहे. त्यामुळे भांडं ठेवूनच काटा चालू केला तर कित्येकदा तो भांड्यासकट शून्यावर येतो. ‘चाललं की!’ असं वाटतं, पण त्या वेळी भांड्याचा आकडा कुठेच दिसत नाही, नोंदही राहत नाही. ही सवय लावून घेऊ नये.

घरगुती काट्यांवर बहुधा दोन्ही कामं एकाच बटणावर असतात. त्यांची आणखी एक खोड: काही मिनिटं हात लावला नाही की ते आपोआप बंद होतात आणि टेअर विसरतात. अर्धं भरून झालं, फोन वाजला, परत येऊन बघावं तर पडदा काळा. इथे तिसऱ्या पायरीतला कागद कामाला येतो. भांड्यासकट पुन्हा चालू करण्याऐवजी सगळं खाली उतरवा, रिकामा काटा चालू करा, भांडं-माल वर ठेवा आणि एकूण वजनातून २८६ हाताने वजा करा.

दुसरी खोड जास्त लबाड. शून्याच्या आसपास रेंगाळणारा छोटा फरक काटा आपोआप पुसत राहतो, म्हणजे धुळीने किंवा गरमीने शून्य ढळू नये. पण तुम्ही चिमूट-चिमूट पूड टाकत असाल तर तीही तो धूळ समजून पुसतो. पाच चिमटी टाकल्या तरी आकडा शून्यच! अशा वेळी हलकी वस्तू आधी एका कपात घेऊन एकदम ओता, किंवा भांडं उचलून त्यात पूड टाका आणि मग परत ठेवा. परत ठेवल्यावर खरा आकडा उघडा पडतो.

तागडी असेल तर

दोन पारड्यांच्या तागडीत धडा करणं म्हणजे एका पारड्यात भांडं ठेवून दुसऱ्यात वाळू, खडे, छर्रे असं काहीही टाकत जाणं, दांडी आडवी होईपर्यंत. मग त्या धड्याच्या पारड्यात मापं ठेवायची आणि भांड्यात माल. धडा किती ग्रॅमचा आहे हे कळण्याची गरजच नसते, ही त्यातली गंमत.

मात्र धड्याने भांडं सुटतं, तागडीचा दोष सुटत नाही. रिकामी पारडीच वरखाली असतील तर तो फरक म्हणजे पासंग, तो आधी काढावा लागतो. आणि दांडीचे दोन हात लांबीला किंचित कमी-जास्त असतील तर रिकामी पारडी सारखी दिसूनही मालाचं वजन चुकतं. यावर एक जुनी युक्ती आहे, तिला फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-शार्ल द बोर्दा (१७३३–१७९९) यांचं नाव जोडलेलं आहे. ती अशी करून बघा. डाव्या पारड्यात रिकामं भांडं आणि त्याच्याशेजारी ५०० ग्रॅमचं माप ठेवा. उजवीकडे वाळू टाकून दांडी आडवी करा. आता वाळूला हात न लावता डावीकडचं फक्त माप उचला. डावं पारडं वर जाईल. भांड्यात माल घालत जा, पुन्हा दांडी आडवी होईपर्यंत. जो माल पडला तो मापाच्याच जागी, मापाच्याच पारड्यात पडला, म्हणून तो ५०० ग्रॅमच. भांडंही सुटलं, पासंगही सुटला, हातांची लांबीही सुटली. मोडकी तागडी आणि एक खरं माप यांच्या जोरावर इतकं अचूक काम होतं, हे मला अजूनही नवल वाटतं.

एकसारखी दिसणारी भांडी

मी एकदा एकाच खोक्यातून काढलेल्या चाळीस काचेच्या बरण्या भरल्या. सगळ्या हुबेहूब एकसारख्या. पहिली बरणी काट्यावर ठेवली, टेअर केलं आणि मग त्याच टेअरवर एकेक बरणी आणून प्रत्येकीत २५० ग्रॅम भरलं. काम झपाट्यानं झालं. नंतर काही शंका आली म्हणून राहिलेल्या रिकाम्या बरण्या एकेक करून तोलल्या तर सगळ्यात हलकी २३१ ग्रॅमची, सगळ्यात जड २४७ ची. पहिली, जिच्यावर टेअर केलं होतं, ती २४३ ची होती.

हिशेब मांडा. काटा प्रत्येक वेळी २४३ वजा करतोय. २४७ ची बरणी आली की काचेचे ४ ग्रॅम मालात मोजले जातात, आणि पडद्यावर २५० दिसत असताना आत माल २४६ च असतो. २३१ ची आली की उलट, आत २६२. म्हणजे हलक्या बरणीवाल्याला जास्त आणि जड बरणीवाल्याला कमी. मनात आपण नेमकं उलटं धरून चालतो, जड बरणी म्हणजे भरलेली बरणी. कुणाच्या बरणीत काय गेलं हे शोधायला मला सगळ्या पुन्हा उघडाव्या लागल्या.

त्यामुळे काच, माती, लाकूड यांची भांडी असतील तर प्रत्येक भांड्याला वेगळं टेअर. तीन-चार सेकंदांचं काम आहे. साच्यातून निघालेली पातळ प्लॅस्टिकची पाकिटं किंवा पिशव्या असतील तर एवढं करायची गरज सहसा पडत नाही. दहा-बारा नग एकेक करून तोला, सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड नगातला फरक बघा. तो फरक तुमच्या मालापुढे किरकोळ असेल तर एकच आकडा सगळ्यांना चालेल. मग सरासरी धरायची की आणखी काही? माल दुसऱ्याला द्यायचा असेल तर मी सगळ्यात जड नगाचं वजन धरतो. मग कुणालाच कमी जात नाही, फार तर कुणाला ग्रॅमभर जास्त जाईल. बऱ्याच काट्यांत हे वजन आकडे दाबून आधीच भरून ठेवता येतं.

ओतून द्यायचं असेल तर

आता प्रश्न उलटा करू. भांड्यात किती आहे, हे एक. भांड्यातून किती बाहेर गेलं, हे वेगळं. मध, गोंद, रंग अशा चिकट वस्तूंच्या बाबतीत या दोन आकड्यांत चांगलाच फरक पडतो. वाटीत नेमका १०० ग्रॅम मध तोलून तो दुसरीकडे ओतला, तर वाटीच्या कडेला आणि चमच्याला चिकटलेला मध तिथेच राहतो. पोचतो ९४ किंवा ९५.

अशा वेळी भरलेली बरणीच काट्यावर ठेवा, चमच्यासकट. टेअर दाबा. आता बरणी उचलून हवं तेवढं ओता, चमचा परत बरणीत टाका आणि बरणी काट्यावर ठेवा. दिसेल उणे १००, म्हणजे बरणीतून नक्की १०० ग्रॅम गेले. चमच्याला चिकटलेलं परत काट्यावर आलं, म्हणून ते गेलेल्यात मोजलंच गेलं नाही. प्रयोगशाळेत पूड तोलताना हीच रीत वापरतात. रिकामी वाटी धुवायची दगदगही वाचते.

भांडं स्वतःच बदलतं

पुठ्ठा, कापड, लाकूड, गोणपाट हवेतली ओल पितात. कोरड्या दिवशी तोललेलं पोतं दमट दिवशी तेच राहत नाही, म्हणून बारदानाचा आकडा वर्षभर एकच धरून बसू नये. धुतलेल्या भांड्याच्या कडांवर आणि बुडाच्या खाचेत पाणी अडकतं. झाकणाच्या आट्यांमध्ये तर हमखास.

गरम भांडं गार होऊ द्या. त्याच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि भांड्याला किंचित उचलते, त्यामुळे वजन कमी भरतं. शिवाय काट्यालाही ऊब लागते. फ्रीजमधून काढलेल्या भांड्याचं उलट होतं: बाहेरून दव धरतं आणि बघता बघता आकडा चढतो. नाजूक काट्यावर प्लॅस्टिकची पिशवी किंवा डबी असेल आणि हवा कोरडी असेल तर घर्षणाच्या विजेने आकडा नुसता भटकत राहतो. तिथे धातूची डबी घ्यावी.

आणि झाकण. भरताना झाकण नसतं, टेअरमध्ये असतं, किंवा याच्या उलट. एकतर दोन्ही वेळा ठेवा, नाहीतर दोन्ही वेळा काढा.

जड भांडं, चिमूटभर माल

१ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर कोणताही आकडा अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे असू शकतो. भांडं आणि एकूण असे दोन आकडे वाचून वजाबाकी केली तर दोन्हींच्या चुका मिळून १ ग्रॅमपर्यंत जातात. माल ५०० ग्रॅम असेल तर तो फरक ०.२ टक्के, विसरून जा. माल ५ ग्रॅम असेल तर २० टक्के! भांडं हलकं घेतल्याने बाकीचे धोके घटतात, हा १ ग्रॅम तसाच राहतो. त्याला बारीक टप्प्याचा काटाच हवा. आणि तशा काट्यांची क्षमता लहान असते, म्हणून तिथे हलकं भांडं सक्तीचंच होतं. कागदाची घडी केलेली पुडी पुष्कळदा बरणीपेक्षा चांगली.

मोठी भांडी

तत्त्व तेच, फक्त भांड्याला चाकं असतात. ट्रक आधी रिकामा आणि मग भरून वे-ब्रिजवर चढवतात. मधल्या वेळात टाकीत १०० लिटर डिझेल भरलं तर सुमारे ८४ किलो वाढले, आणि ते मालाच्या नावावर चढले. एकदा चालक केबिनमध्ये, दुसऱ्यांदा खाली उभा, असंही होतं. चाकांतला चिखल, ताडपत्रीत साठलेलं पावसाचं पाणी, मागे पडलेलं जादा चाक, हे सगळं दोन्ही वेळा सारखं आहे ना हे बघायचं. जुन्या कागदावरचं रिकामं वजन घेण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच काट्यावर घेतलेलं बरं.

गॅस सिलिंडरवर रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलंच असतं. रेग्युलेटर आणि नळी काढून सिलिंडर तोला, ठोकलेला आकडा वजा करा, उरला तो गॅस.

जहाजाच्या मालवाहू कंटेनरच्या दारावरही त्याचं रिकामं वजन रंगवलेलं असतं. २० फुटी कंटेनरचं साधारण २,२०० ते २,३०० किलो. १ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ करारानुसार, पडताळलेलं एकूण वजन सांगितल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. ते वजन एकतर भरलेला कंटेनर तोलून काढायचं, नाहीतर आतलं सगळं वेगळं तोलून त्यात दारावरचा आकडा मिळवायचा. ‘आतलं सगळं’ म्हणजे माल तर झालाच, पण खालच्या फळ्या, पॅलेट, आधाराला ठोकलेलं लाकूड आणि बांधायचे पट्टेही. इथे आपण वजाबाकीऐवजी बेरीज करतो, पण विसरण्याच्या जागा त्याच.

टेअर करायचं राहून गेलं तर

भरून झालं आणि आठवलं की भांडं तोललंच नाही. सरळ मार्ग असा: काट्यावर दुसरं रिकामं भांडं ठेवून टेअर करा आणि माल त्यात ओता. चिकट माल असेल तर ओतू नका. भरलेलं भांडं तोलून एकूण वजन झाकणावर लिहून ठेवा आणि माल संपला, भांडं धुऊन-पुसून कोरडं झालं की ते तोला. निव्वळ वजन उशिरा कळेल पण बरोबर कळेल. ‘तसलंच दुसरं भांडं आहे की’ म्हणून त्याचं वजन वजा करायचा मोह होतो, तेव्हा त्या चाळीस बरण्या आठवा.

रोजच्या वापरातल्या भांड्यांच्या बुडाला मी त्यांचं वजन पक्क्या शाईने लिहून ठेवतो, झाकणासकट आणि झाकणाशिवाय असे दोन आकडे, शेजारी तोलल्याची तारीख. परवाच एका डब्याच्या बुडावर ४१२ लिहिलेलं होतं आणि काटा ४०६ दाखवत होता. काटा तपासला, तो ठीक होता. मग लक्षात आलं की डब्याची कडी तुटून गेली आहे. ४१२ वर काट मारून ४०६ लिहिलं.